पुलपिटाला हात लावू नका

आमच्या आईने रविवारच्या शाळेत ती गोष्ट सांगितली नसती, तर आमच्या मंडळीचं पुलपीट पाइपच्या चरात पडलं नसतं, असं पुष्कळांचं मत होतं. आईचं मत असं की चर खणणाऱ्यांनी कडेला चार दगड लावले असते, तरीही पडलं नसतं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि त्या दिवशी ओरडले ती मीच, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि वाशी अर्धी बांधून झाली होती. म्हणजे इमारती उभ्या होत्या, पण त्यांच्या मधलं सगळं व्हायचं होतं. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघंही नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं तेव्हा वाशीत पंधरा-सोळा असतील, तीच आमची मंडळी. देऊळ नव्हतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना हे समजवायला आईला सहा महिने लागले होते. उपासनेसाठी रविवारी एका शाळेचा वर्ग मिळायचा. तिथे मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायची, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणाऱ्याच्या मागे फळ्यावर कधी कधी शनिवारचा लसावि तसाच राहिलेला असायचा.

मुलांची रविवारची शाळा आमच्या हॉलमध्ये, आईकडे. आई गोष्टी सांगायची त्या फ्लॅनेलच्या फळ्यावर. एका मोठ्या पुठ्ठ्यावर बाबांचा जुना फ्लॅनेलचा शर्ट ताणून बसवलेला होता. कागदाची माणसं कापून त्यांच्या पाठीला कंपनीतून आणलेला पॉलिशपेपर लावला की ती त्या शर्टावर चिकटून उभी राहत. शर्टाचा खिसा मात्र तसाच राहिला होता. गोष्टीत जी माणसं मरायची, ती आई त्या खिशात ठेवायची.

त्या रविवारी फळ्यावर बैलगाडी होती. एक राजा देवाची पवित्र पेटी आपल्या शहरात नेत होता. गाडी नवी कोरी, पुढे गाणं-वाजवणं. वाटेत बैल अडखळले आणि पेटी कलंडायला लागली. शेजारून चालणाऱ्या एका माणसाने चटकन हात पुढे करून ती सावरली. देवाला त्याचा राग आला आणि तो माणूस जागच्या जागी मेला.

"पण तो तर सावरत होता!" मी म्हटलं.

"हो," आई म्हणाली.

"मग देव का रागावला?"

"त्या पेटीला हात लावायचा नाही, असा नियम होता."

"मग पडू द्यायची होती का?"

"ते लिहिलेलं नाही," आई म्हणाली, आणि तिने त्या माणसाला उचलून खिशात टाकलं.

मुंबईच्या मोठ्या देवळात शिकवणाऱ्या बाई अशा गोष्टी गाळायच्या. त्यांच्याकडे बारा महिने कोकरं आणि मेंढपाळ. आईला ते पटत नसे. "आवडेल तेवढंच वाचायचं असेल तर मासिक लावावं," ती म्हणायची.

बाकीची मुलं गोष्ट ऐकून खाली खेळायला जायची. माझं तसं नव्हतं. मी देवाला फार मनावर घेत असे. आदल्याच महिन्यात आईने मागे वळून पाहिल्यामुळे मिठाचा खांब झालेल्या बाईची गोष्ट सांगितली होती. दुसरीकडच्या मुलांना ती निव्वळ गोष्ट वाटत असेल. आम्ही बसने उरणकडे जायचो तेव्हा वाटेत मिठागरं लागायची आणि तिथे मिठाचे ढीग उभे असायचे, माणसाच्या उंचीचे, ओळीने. ते पाहिल्यावर हा प्रकार एका बाईपुरता थांबलेला नसावा, अशी माझी खात्री पटली.

तेव्हापासून मी मागे वळून बघणं बंद केलं. वरच्या काकूंनी मागून हाक मारली तर मी थेट वळायचे नाही. समोर चालत चालत मोठा गोल फेरा मारून त्यांच्यापुढे येऊन उभी राहायचे. काकूंनी आईला विचारलं, "अहो, हिला मानेचं काही आहे का?"

पेटीच्या गोष्टीनंतर मी शास्त्राला उघडा हात लावायचंही सोडलं. तव्याचा फडका घेऊन उचलायचे. बाबांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आमच्या बॉयलरला आम्ही असाच हात लावतो."

"देव म्हणजे बॉयलर आहे का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बॉयलर बरा. त्याला गेज असतो."

अशा दिवसांत सरांनी पुलपीट आणायचं ठरवलं. सर म्हणजे मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे. आईच्या गावच्या मिशन शाळेचे ते मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन मुलाकडे वाशीला आले, तरी मुख्याध्यापकपण निवृत्त झालं नव्हतं. उपासनेत कोणी चुकीच्या सुरात गायलं तर ते मान वळवून त्या बाकाकडे बघायचे. नगरकडच्या एका जुन्या देवळात सिमेंटचं नवीन पुलपीट बांधलं होतं, म्हणून तिथलं जुनं सागवानी सरांनी वाशीसाठी मागून घेतलं. पुलपीट म्हणजे पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, उभं राहून उपदेश करायची जागा. हे छातीएवढं उंच होतं, तीन बाजूंनी बंद, वर शास्त्र ठेवायला उतरती फळी आणि समोर कोरलेला क्रूस.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी ते ट्रकने आलं. आमच्या सेक्टरचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवला होता. ट्रकवाल्याने नाक्यावरच पुलपीट उतरवलं आणि तो निघून गेला. शाळा तिथून दहा-बारा मिनिटांवर. सरांनी जवळच्या गावठाणात निरोप पाठवला आणि तिथून एक आगरी शेतकरी बैलगाडी घेऊन आले. त्यांच्या खाचरांतली बरीचशी नव्या शहराखाली गेली होती. उरलेल्या बैलांवर ते विटा वाहायचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे.

मंडळीतले सहाजण जमले होते, त्यात बाबा. मी बाबांसोबत गेले होते. पुलपीट गाडीवर चढवलं गेलं, सर पुढे झाले आणि माणसं दोन्ही बाजूंनी चालायला सज्ज झाली. फ्लॅनेलवरचं चित्र जसंच्या तसं समोर उभं होतं. बैलसुद्धा तेवढेच.

मी सरांजवळ गेले. "सर, हे गाडीवरून न्यायचं नसतं. खांद्यावरून न्यायचं असतं. शास्त्रात तसं लिहिलंय."

"ते दोन मण सागवान आहे," सर म्हणाले. "खांदा देणार आहेस का तू?"

"निदान दोरी तरी बांधा," बाबा म्हणाले.

"दोरीने पॉलिशवर ओरखडे पडतील. सगळ्यांनी लक्ष ठेवा म्हणजे झालं."

गाडी निघाली. निम्म्या वाटेवर रस्ता अरुंद झाला. डाव्या हाताला पाइपचा चर, त्यात गुडघाभर गळतीचं पाणी. मामांनी बैल उजवीकडे दाबले, पण तिथे विटांचा ढीग होता. बैल बुजले. डावं चाक चराच्या कडेवर चढलं, माती ढासळली आणि पुलपीट हळूहळू कलायला लागलं. त्या बाजूला बाबा होते. बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"बाबा, हात लावू नका! मराल!"

एवढं मोठ्याने मी आयुष्यात परत कधी ओरडले नाही. बाबांनी तापलेल्या पाइपवरून काढावेत तसे हात मागे घेतले. बाबांचं सोडा, मी त्यांची मुलगी होते. पण उरलेल्या पाचही माणसांनी त्याच क्षणी हात वर घेतले. कपडे धुवायचा सोडा बनवणाऱ्या कारखान्यातला सुपरवायझर, टपाल कचेरीतले दोन कारकून, सगळ्यांनी. सहा माणसं हात वर करून उभी राहिली आणि त्यांच्यासमोरून पुलपीट सावकाश घसरत गेलं, मोठा आवाज करून चरात उतरलं आणि सरळ उभं राहिलं. आडवं पडलं असतं तर बरं दिसलं असतं. ते उपदेश सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखं पाण्यात उभं होतं.

सरांनी कडेला येऊन चरात वाकून पाहिलं. मग ते म्हणाले, "हात का काढलेत?"

"मुलगी ओरडली," सुपरवायझर म्हणाला.

"एक पोर ओरडलं म्हणून सहा दांडगी माणसं..."

"तसं नाही सर," एक कारकून खाली बघत म्हणाला. "ती... ती गोष्ट आठवली."

म्हणजे ती सगळ्यांनाच ठाऊक होती. कुठल्या ना कुठल्या गावी, कुठल्या ना कुठल्या बाईंनी सांगितलेली. तीस वर्षं ती आत गप्प पडून होती.

आता ते वर काढायला हवं होतं, पण पहिला हात कोणी लावायचा यावर गाडं अडलं. हा त्याच्याकडे बघे, तो याच्याकडे. मामांनी बैल सोडून बांधले, धोतर वर खोचलं आणि विचारलं, "काय झायलं तरी काय?"

बाबांनी त्यांना चार वाक्यांत पेटीची गोष्ट सांगितली. मामांनी नीट ऐकून घेतली.

"मंग मी लावतो हात," ते म्हणाले. "माज्यावर तुमचा देव कशाला रागवंल? त्याची न् माजी वलख पन नाय."

ते चरात उतरले. त्यांनी पुलपिटावर तळहात ठेवला, वर आभाळाकडे बघितलं आणि थोडा वेळ तसेच थांबले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हाय मी. या आता."

सगळे उतरले. दोरी लागलीच. ओरखडेही पडले.

वर काढल्यावर पाहिलं तर खालच्या फळ्या पाण्याने फुगल्या होत्या. असं ओलं लाकूड शाळेत नेऊन उपयोग नव्हता आणि आमच्या कोणाच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. "माज्या अंगनात ठेवा, सुकू द्या," मामा म्हणाले. गाडी उलटी वळली आणि पुलपीट गावात गेलं.

जाताना मामा मला म्हणाले, "घाबरू नको बाय. आमची गावदेवी पन तशीच हाय. येका वर्साला कोलबी देते, दुसऱ्या वर्साला जालं फारते. इचाराला गेलं तं काय सांगत नाय."

"मग तुम्ही काय करता?"

"नारल देतो. न् जालं शिवतो."

दुपारी सर आमच्या घरी आले. चहाला नको म्हणाले, यावरूनच कळलं. मी दाराआड उभी.

"हे मुलांना शिकवायचं?" ते आईला म्हणाले. "देव म्हणजे कधी कोणाला मारील नेम नाही, असं?"

"मी जे लिहिलंय ते सांगितलं, सर."

"लिहिलेलं पुष्कळ आहे. कोकरू सांग, मेंढपाळ सांग. दहा वर्षांच्या मुलीला ती गोष्ट?"

"मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला सांगितली होती."

आईने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरी राहूनच बोलायला लागली. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, गावात उपदेशक होते. शेजाऱ्याची शेळी विहिरीत पडली म्हणून ते दोरीने खाली उतरले. दोरी तुटली. आजोबा गेले. शेळी वाचली. एवढं मला माहीत होतं. पुढचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मातीला आलेला प्रत्येकजण मला सांगत होता की देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात," आई म्हणाली. "मला वाटायचं, मग देवाने शेळी कशाला मध्ये घातली? सरळ न्यायचं. ती शेळी नंतर चार वर्षं आमच्या दारावरून जायची, सर. तुम्ही एकट्याने मला काही समजावलं नाही. शाळा सुटल्यावर थांबवलंत, शास्त्र उघडून ही गोष्ट वाचायला लावलीत. मी विचारलं, याचं उत्तर काय? तुम्ही म्हणालात, मला माहीत नाही. पण पुढचं वाक्य वाच. पुढे लिहिलंय की राजाला राग आला. देवाचा राग आला राजाला. आणि ते कोणी खोडलेलं नाही, छापलंय. त्या दिवसापासून मी प्रार्थना करायला लागले. तोवर नुसते डोळे मिटत होते."

आधण उकळून वर आलं. आईने गॅस बारीक केला.

"मी असं म्हणालो होतो?" सरांनी विचारलं.

"हो."

"तेव्हा मी लहान होतो," सर म्हणाले. ते तेव्हा चाळीस वर्षांचे असणार. मग त्यांनी चहा घेतला, दोन कप.

पुढच्या रविवारी आईने गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. राजा घाबरला आणि पेटी शहरात न्यायचं त्याने रद्द केलं. वाटेतल्या एका परक्या माणसाच्या घरी ती ठेवून दिली. तीन महिने ती तिथे राहिली आणि देवाने त्या घराचं सगळं भलं केलं.

"परक्याचं?" मी विचारलं. "तो तर आपल्या मंडळीतला पण नव्हता."

"नव्हता," आई म्हणाली. तिला हसू येत होतं, पण फळ्यासमोर ती कधी हसायची नाही.

पाऊस लागला आणि पुलपीट आणायचं राहून गेलं. मामांनी ते अंगणातून पडवीत घेतलं. दसरा झाल्यावर सर, बाबा आणि मंडळीतली माणसं ते आणायला गेली. मीही गेले. पडवीत शिरल्यावर सर थबकले. पुलपिटाला झेंडूची माळ होती आणि क्रूसाच्या बरोबर मधोमध हळदीकुंकू. दसऱ्याला मामांनी नांगर, गाडी आणि जाळं पुजलं तेव्हा हेही पुजलं होतं, कारण शेजारीच होतं. शास्त्र ठेवायच्या उतरत्या फळीवर मामींनी सुके बोंबील मांडले होते.

"चांगला उतार हाय," मामी म्हणाल्या. "मांजराला वर चरता येत नाय."

सरांनी डोळे मिटून घेतले. मामांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि हात जोडले. "सर, येक इनंती हाय. तुमाला दुसरं बघा ना. ह्ये इथंच राहू द्या."

"का?"

मामांनी बोटांवर सांगितलं. पुलपीट आल्यापासून म्हशीला रेडी झाली. मुलीचं लग्न दोनदा मोडलेलं, तिसऱ्यांदा जमलं, साखरपुडाही झाला. आणि मुलाला कंपनीत नोकरी लागली, कायमची.

मी बाबांकडे बघितलं. बाबा छपराच्या वाशांकडे बघत होते. कारण मुलाचा अर्ज घेऊन बाबाच कंपनीतल्या साहेबांकडे गेले होते. चरात पहिला हात मामांनी लावला, याचे आभार म्हणून. हे मला घरात झालेल्या बोलण्यावरून ठाऊक होतं.

शेवटी सरांनी मामांना समजावलं की देव लाकडात राहत नाही. मामा म्हणाले, मंग तुमी तरी कशाला नेता? पण मामा भला माणूस. त्यांनीच माळ उतरवली, बोंबील सुपात भरले आणि पुलपिटाला एका बाजूने उचलून बघितलं.

"गाडी जुंपू?"

"नको," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खांद्यावर नेऊ."

परतताना मी बाबांना हळूच विचारलं, "नोकरी तर तुम्ही लावलीत ना? सांगितलं का नाही?"

बाबांच्या खांद्यावर सागवानाचा एक कोपरा होता आणि त्यांना घाम आला होता. "मी अर्ज पुढे सरकवला," ते म्हणाले. "बाकी कोणी काय केलं, ते मला कुठे माहीत आहे?"

पुलपिटावरची पहिली उपासना नोव्हेंबरात झाली. मुंबईहून महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब त्यात उभे राहिले, त्यांनी शास्त्र उघडून त्या फळीवर ठेवलं आणि थोडं मागे सरकले. सागवानाला आतून पॉलिश नव्हतं. बोंबील पार मुरले होते. साहेब कोकरावर बोलणार होते. ते दोन-तीनदा थांबले, रुमाल काढला आणि एरवी पाऊण तास चालणारा उपदेश वीस मिनिटांत आटोपला. मंडळीला ही पुलपिटाची पहिली कृपा वाटली.

मग शास्त्रवाचनाला सर उठले. त्यांनी ठरलेला उतारा वाचला नाही. पेटीला हात लावणाऱ्या माणसाची गोष्ट वाचली, राजाच्या रागासकट. वाचून चष्मा काढला. मला वाटलं आता समजावून सांगणार. मीच काय, टपाल कचेरीचे दोन्ही कारकूनही सरसावून बसले.

"ही गोष्ट मी चाळीस वर्षं शिकवली," सर म्हणाले. "मला ती समजलेली नाही. पण जो देव मला पूर्ण समजला असता, त्याच्यापुढे मी गुडघे टेकले नसते, त्याची उत्तरपत्रिका तपासली असती. आपण प्रार्थना करू."

प्रार्थनेत मी एक डोळा उघडा ठेवून आईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते आणि कपाळाला आठी होती. बाजारात भाजीवाल्याशी बोलताना असते, तशी.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सरांना बाजूला घेतलं. पुलपिटावरून असं बोललं तर लोकांचा गोंधळ होतो, असं ते म्हणाले. "गोंधळ आधीचाच आहे, साहेब," सर म्हणाले, "मी फक्त आवाज दिला," आणि टोपी घालून चालायला लागले.

त्या दिवशी सगळे आमच्याकडे जेवायला होते. मटणातली नळी आमच्या घरी नेहमी बाबांची. त्यावर कोणाचा हक्क चालत नसे, पाळकसाहेबांचासुद्धा. आईने वाढताना ती पळीत घेतली, बाबांच्या ताटावरून पुढे नेली आणि सरांच्या ताटात सोडली. सरांनी आईकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी ती उचलली आणि सगळ्या मंडळीसमोर, मुख्याध्यापकाला अजिबात न शोभेल अशा मोठ्या आवाजात, ओढली.